मांडवी बंदरातले सात दिवसांचे देशव्रत

प्रवासाला निघण्यापूर्वी तक्ता आखावयाचा, ही माझी बँकेपासूनची खोड. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ, गिरनार, राजगृही अशा यात्रा केल्या. त्या सर्वांचे तक्ते माझ्या कपाटात फायलीत लावून ठेवलेले आहेत. पहाटे चारला उठावयाचे, पाचला गाडी, सातला दर्शन, नऊला नाश्ता, पुन्हा गाडी. घरी आल्यावर कोणी विचारले की किती क्षेत्रे झाली, तर आकडा तोंडपाठ असे. तिथे काय पाहिले असे विचारले, तर मात्र छायाचित्रे काढून पाहावी लागत.

गेल्या हिवाळ्यात कच्छला जाण्याचे ठरले, तेव्हाही मी असाच सात दिवसांचा तक्ता आखला. भुज, पांढरे रण, धोलावीरा, लखपत, अबडासा तालुक्यातली सुथरी, कोठारा, जखौ, नलिया आणि तेरा ही पंचतीर्थी, भद्रेश्वर आणि शेवटी अर्धा दिवस मांडवी. सौ.ने तो शांतपणे वाचला आणि परत माझ्या हाती दिला.

"अहो, ही यात्रा आहे की शाखा-तपासणी?" ती म्हणाली.

तिच्या गुडघ्यांनी तिला दोन वर्षांपासून इशारा दिलेला होता आणि तो मी तक्त्यात धरला नव्हता. मग तिनेच सुचवले. दशलक्षण पर्वात ती दरवर्षी काही दिवसांचे देशव्रत घेते. घर आणि मंदिर यांपलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. "तसेच सात दिवस एका गावी राहू. समुद्र असलेल्या गावी. मर्यादा घालून घेऊ आणि त्या मर्यादेत जे दिसेल ते पाहू." तक्त्यात ज्या गावाला मी अर्धा दिवस दिला होता, त्याच मांडवीवर तिने बोट ठेवले.

व्रताची गोष्ट निघाली म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ याची आयुष्यभराची मर्यादा. त्या मोठ्या मर्यादेच्या आत काही दिवसांपुरती, काही तासांपुरती आणखी लहान मर्यादा आखून घेणे म्हणजे देशव्रत. श्वेतांबर परंपरेत त्याला देशावकाशिक म्हणतात. कच्छी-गुजराती मंडळींच्या तोंडी ते देसावगासिक होते. व्यापारी समाजाला ही व्रते का दिली असावीत, असा प्रश्न मला तरुणपणी पडे. ज्याचे पोट देशोदेशी फिरण्यावर, त्यालाच दिशांची मर्यादा? परंतु आगमात ज्याची कथा येते त्या आनंद श्रावकाने आपल्या गाड्यांची आणि नावांचीही संख्या ठरवून घेतली होती. व्यापार थांबवा असे व्रत सांगत नाही. तो कोठे थांबतो हे आधी ठरवा, एवढेच सांगते.

हे मला इतरांपेक्षा लवकर समजावयास हवे होते. ३४ वर्षे बँकेत मी दुसरे काय केले? कॅश क्रेडिटची मर्यादा, ओव्हरड्राफ्टची मर्यादा, हमीची मर्यादा. शेकडो व्यापाऱ्यांना मी मर्यादा मंजूर केल्या आणि ती ओलांडणाऱ्यांना पत्रे पाठवली. स्वतःला एकही घालून घेतली नव्हती.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने आम्ही भुजला उतरलो आणि तेथून जीपने सुमारे ६० किलोमीटरवरच्या मांडवीला दुपारी पोहोचलो. धर्मशाळेत खोली मिळाली. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवून आम्ही गच्चीवर बसलो आणि मर्यादा ठरवली. उत्तरेला भुजच्या रस्त्यावरील कोडायचे बहात्तर जिनालय, पश्चिमेला विजय विलास महाल, पूर्वेला रुक्मावती नदीपलीकडची वस्ती आणि दक्षिणेला समुद्र. "समुद्रात किती?" मी विचारले. "घोट्यापर्यंत," सौ. म्हणाली.

मांडवी हा शब्द आपल्याला परका नाही. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. मुंबईतही मशीद बंदराशेजारी मांडवी आहे आणि तेथल्या धान्याच्या, मसाल्याच्या पेढ्यांवर कच्छी माणसांचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. कच्छच्या खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकात हे बंदर वसवले. येथून कापूस आणि कापड मस्कतला, झांझिबारला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाई. परतताना हस्तिदंत, खजूर, लवंग येई. एम.कॉम.ला हुंडीचे प्रकार पाठ करताना 'जोखमी हुंडी' हा प्रकार मी केवळ गुणांसाठी पाठ केला होता. माल जहाजाने सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे; जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. त्या बंदराच्या काठावर उभे राहिल्यावर प्रथमच जाणवले की, त्या कागदावर सही करणारा माणूस महिनोन्‌महिने कोणतीही बातमी न येता रात्री झोपत असे. मला तर रोज रात्री नऊला बातमी लागत होती.

ती बातमी कोणती, ते सांगावयास हवे. आमचे चिरंजीव सांगलीत घाऊक किराण्याचे दुकान चालवतात. दुकान माझ्या निवृत्तीच्या पैशातून वाढवलेले, म्हणून बँकेतल्या खात्यावर सही माझी. चिरंजीवांचे वय ३६. रोज रात्री नऊला ते मला दिवसाची विक्री, रोकड, उधारी आणि वसुली सांगतात, आणि मी ती वहीत उतरवून घेतो. मोठी उधारी द्यावयाची तर 'अण्णांना विचारून सांगतो' हे त्यांचे ठरलेले वाक्य. मला त्या वाक्याचा अभिमान वाटे.

व्रत घेताना सौ.ने मला देशव्रताचे अतिचार वाचून दाखवले होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते पाच आहेत. आनयन, म्हणजे मर्यादेबाहेरची वस्तू मागवून घेणे. प्रेष्यप्रयोग, म्हणजे आपण न जाता दुसऱ्यास पाठवून काम करवून घेणे. शब्दानुपात, म्हणजे खोकून किंवा आवाज देऊन बाहेरच्या माणसाला सूचना करणे. रूपानुपात, म्हणजे बोलावयाचे नाही, पण आपले रूप दाखवून इशारा करणे. आणि पुद्गलक्षेप, म्हणजे खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे. मी हसून म्हणालो, "घरपोच मागवणे, माणूस पाठवणे, फोन, व्हिडिओ कॉल आणि मिस्ड कॉल! शास्त्रकारांनी काही सोडलेले दिसत नाही." तीही हसली. मोबाईलवर दिवसातून एकदा फक्त क्षेमकुशल विचारावयाचे, असे ठरले.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी देरासरात दर्शन, मग जुन्या बाजारात फेरी. एका चांदीच्या दुकानात वृद्ध दुकानदाराने कच्छी कोरी दाखवली. कच्छ संस्थानाचे हे स्वतःचे नाणे १९४८ पर्यंत चालत होते. तळहातावर घेतले तर नखाएवढे. दुपारी टोपणसर तळ्याच्या काठी बसलो. रात्री नऊला फोन आला.

तालुक्याच्या गावचा एक दुकानदार, आमच्याकडे १२ वर्षांचा गिऱ्हाईक, चार लाखांचा माल दोन महिन्यांच्या उधारीवर मागत होता. मागची दीड लाखाची बाकी उभी होती. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावयाचे होते. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो. गिऱ्हाइकाच्या मागच्या तीन वर्षांच्या वसुलीचे दिवस विचारले. त्याच्या मुलीचे लग्न झाले का, शेजारी नवे दुकान निघाले का, तो माल कोठे साठवतो, हे विचारले. मग नकार कोणत्या शब्दांत द्यावयाचा तेही वाक्यानिशी सांगितले. खाली आलो तेव्हा ४० मिनिटे झाली होती. सौ. माळ घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही.

सकाळी सामायिक झाल्यावर म्हणाली, "रात्री तुम्ही मांडवीत बसला होता, शब्द सांगलीच्या दुकानात फिरत होते." एवढे सांगून ती आंघोळीचे कपडे वाळत घालावयास निघून गेली.

मला राग आला. व्रत काही मी गुरूंकडून घेतलेले नव्हते, दोघांत ठरवलेली गोष्ट होती. शिवाय चार लाखांचा प्रश्न. असे सगळे युक्तिवाद मनाशी करीत मी एकटाच नदीकडे गेलो. पुलाखाली ओहोटीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर लाकडी गलबतांचे सांगाडे उभे होते. सुमारे चारशे वर्षे येथे रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजे बांधली जात आहेत. मी यापूर्वी जहाजबांधणी फक्त कर्जाच्या प्रकल्प-अहवालात पाहिलेली. येथे तीन मजली इमारतीएवढे धूड काठावर उभे होते, त्याच्या फासळ्यांमधून आभाळ दिसत होते.

एक म्हातारे मिस्त्री फळीवर बसले होते. थोडे हिंदी, थोडे गुजराती असे आमचे संभाषण झाले. फळ्या सालाच्या, परदेशातून येणाऱ्या लाकडाच्या. आतल्या वाकड्या फासळ्यांना बाभूळ, कारण ती निसर्गतःच वाकडी मिळते. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरतात. पाण्यात लाकूड फुगले की फट आपोआप घट्ट होते. एका जहाजाला दोन वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. मी सवयीने विचारले, "नकाशा कोठे आहे?" त्यांनी आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. नकाशा नाही, मंजुरीचा कागद नाही. पिढीजात हिशेब डोळ्यांत आणि हातात.

"आणि पूर्ण झाल्यावर?"

मोठ्या भरतीच्या दिवशी ते पाण्यात ओढतात. काही गलबतांना इंजिन दुबईत बसवतात. मिस्त्री बरोबर जात नाहीत.

मी विचारले, काळजी वाटत नाही का? दोन वर्षे तुमच्या हाताखाली राहिलेले लाकूड. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "पानी में उतर गया, फिर तो नाखुदा का है." नाखुदा म्हणजे जहाजाचा तांडेल. मग जरा थांबून म्हणाले, किनाऱ्यावर ठेवलेले जहाजही सडतेच. उन्हाने फळ्या उकलतात.

मी धर्मशाळेत परतलो आणि सौ.ला सांगून चिरंजीवांना फोन केला. त्या आठवड्यातला ठरल्याबाहेरचा तो एकच फोन. रात्रीचे माझे म्हणणे विसरून जा, असे सांगितले. रविवारपर्यंत मी दुकानाविषयी काही विचारणार नाही, तूही सांगू नकोस.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग प्रश्न आला, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"आणि माझे चुकले तर?"

"तर तुझे चुकेल," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघाले असे नाही. जीभ जड झाली होती.

पुढचे चार दिवस कसे गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. रात्री नऊला हात खिशाकडे जाई. पहिल्या रात्री मी वही काढून रिकाम्या पानावर तारीख घातली आणि तशीच मिटली. दुसऱ्या रात्री तारीख घालण्याचे विसरलो. मन रिकामे झाले म्हणजे दिसू लागते, असे संतमहात्मे सांगतात. मला तर रिकामे मन आधी नुसते चावत राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र समुद्राला ओहोटीनंतर वाळूवर ज्या रेघा उमटतात, त्या आदल्या दिवसापेक्षा वेगळ्या आहेत, हे माझ्या लक्षात आले. दोन दिवस एकाच ठिकाणी बसल्याखेरीज हे दिसत नाही.

या दिवसांत पाहिले ते थोडेच, परंतु सावकाश पाहिले. विजय विलास महाल हा कच्छच्या राजघराण्याने १९२० च्या दशकात लाल दगडात बांधलेला उन्हाळी वाडा. त्याच्या गच्चीवरून दूर समुद्राची रेघ दिसते. तेथे आम्ही दोन तास बसून राहिलो. इतर प्रवासी २० मिनिटांत वर येऊन खाली उतरत होते. त्यांच्यात मी स्वतःला ओळखत होतो.

एक पूर्ण सकाळ क्रांतितीर्थावर गेली. श्यामजी कृष्ण वर्मा यांचा जन्म १८५७ मध्ये या मांडवीत झाला. १९०५ मध्ये त्यांनी लंडनला इंडिया हाऊस उभे केले. त्यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, सावरकर १९०६ मध्ये तेथे गेले, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. त्या लंडनच्या इमारतीची प्रतिकृती आता येथे उभी आहे. श्यामजींचे निधन १९३० मध्ये जिनिव्हात झाले आणि त्यांच्या अस्थी मायदेशी येण्यास २००३ साल उजाडले. आम्ही सात दिवस या गावाबाहेर न जाण्याचे व्रत घेऊन बसलो होतो. ज्यांचा जन्मच येथला, त्यांना त्र्याहत्तर वर्षे येथे येता आले नाही. स्वतः आखलेली मर्यादा आणि दुसऱ्याने लादलेली मर्यादा यांत किती अंतर असते, हे तेथे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

कोडायच्या बहात्तर जिनालयात सौ.ने अर्धा दिवस घालवला. सगळ्या देरींचे दर्शन तिच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तिने १२ देरींचे केले आणि उरलेल्यांना मध्यभागी उभी राहून भावपूर्वक वंदन केले. मी मोजत होतो, हे पाहून तिने डोळे मोठे केले.

जेवणाचे सांगितल्यावाचून आपल्या वाचकांचे समाधान होणार नाही. दाबेली हा पदार्थ मूळचा या मांडवीचा. बटाटा-कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी कच्च्या केळ्याची जैन दाबेलीही मिळते, आणि सूर्यास्ताच्या आत मिळाली म्हणजे तिची चव अधिक लागते. मांडवी हे मासेमारीचेही बंदर आहे. संध्याकाळी त्या बाजूने जाताना सौ. पदर नाकाला लावी, पण जाळी विणत बसलेल्या बायकांनी 'जय जिनेंद्र' म्हटल्यावर तीही उभी राहून प्रत्युत्तर देई. वाळूवरचे शंख तिने एकही उचलला नाही. "रिकामा वाटतो, पण आत कोणी राहावयास आलेले असते," ती म्हणाली. खरोखरच एक शंख आमच्यासमोर चालू लागला.

एकच रुखरुख राहिली, ती भद्रेश्वरची. तेराव्या शतकात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडणारा जगडूशा हा भद्रेश्वरचा. तोही समुद्रावर व्यापार करणारा श्रावक. ते क्षेत्र आमच्या मर्यादेबाहेर होते. शेवटच्या दिवशी धर्मशाळेच्या मुनीमजींनी सांगितले की, गाडी करून दिली तर संध्याकाळपर्यंत परत याल. माझा तक्ता मनात पुन्हा उघडला. सौ.ने माझ्याकडे पाहिले, बोलली नाही. मी मुनीमजींना नको म्हणालो. जगडूशाची कथा त्यांच्याच तोंडून, भोजनशाळेच्या ओट्यावर बसून ऐकली. कोठारांत भरून ठेवलेले धान्य हे आपले नसून गरजूंचेच आहे, अशी त्याची भावना होती, असे ते सांगत होते. ऐकताना मला माझ्या दुकानातली एक सही आठवत होती.

सांगलीला उतरलो तो रविवारच होता. चिरंजीव स्टेशनवर आले होते. दुकानाचे काहीच बोलले नाहीत, मीही नाही. घरी जेवताना सूनबाईंनीच विषय काढला. त्या गिऱ्हाइकाला चिरंजीवांनी नकार दिला नव्हता आणि होकारही नाही. मागच्या बाकीपैकी एक लाख भरावयास लावले, दोन लाखांचा माल रोखीने दिला आणि एक लाखाचा उधारीवर. उरलेला एक लाखाचा माल पुढच्या महिन्यात. ४० मिनिटांच्या माझ्या फोनमध्ये ही वाट मला सुचली नव्हती. मी फक्त हो किंवा नाही एवढेच पाहिले होते.

ती वाट अचूक ठरली असे मी लिहिणार नाही. हे लिहीपर्यंत त्या एक लाखापैकी निम्मे आले आहेत, निम्मे यावयाचे आहेत. आले नाहीत तर तो तोटा दुकानाच्या खात्यात पडेल आणि त्याची नोंद चिरंजीवच करतील.

मी एक मात्र केले. परतल्यावर चार दिवसांनी बँकेत जाऊन दुकानाच्या खात्यावरचा सहीचा अधिकार बदलून दिला. खाते आता चिरंजीवांच्या एकट्याच्या सहीने चालते. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने विचारले, "काका, तुमचे नाव पूर्णच काढायचे?" मी हो म्हणालो आणि नमुना सहीचे जुने कार्ड परत मागितले नाही.

रात्री नऊला फोन आता क्वचित येतो. आला तर बहुधा नातवाचा असतो. त्या वेळात मी आणि सौ. स्वाध्याय करतो, कधी कधी नुसतेच बसतो. पुढच्या दशलक्षणात तिच्याबरोबर मीही देशव्रत घेणार आहे. मर्यादा अद्याप ठरलेली नाही. या वेळी तक्ता मी करणार नाही, असे तिला कबूल केले आहे.